गंज दिसत नाही, तरी पाईप पातळ होतो
(बॉयलरला पाणी नेणाऱ्या लाइनविषयी थोडेसे)

— ऊस विकास अधिकारी



एरवी या पानावर मी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्याची निगा नाहीतर तोडणीचा कार्यक्रम याविषयी लिहितो. बॉयलर हे माझे खाते नव्हे. मी कृषी पदविका घेतलेला शेतीचा माणूस. परंतु ऑफ सीझनमधील दुरुस्ती खर्चाचे आकडे सभेपुढे आले, की गटागटांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो विचारला जातो मला. कारण इंजिनिअर मंडळी शिवारात येत नाहीत, मी येतो. प्रश्न असा: "साहेब, बॉयलरकडे जाणारी पाण्याची लाइन गळत नव्हती, गंजली नव्हती, रंगसुद्धा शाबूत होता. मग तिचे बेंड कापून नवीन कशापायी बसवले?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा आहे. नुसते "तांत्रिक बाब आहे" असे सांगून वाटेला लावणे मला पटत नाही. म्हणून आपले इंजिनिअर व केमिस्ट यांच्याजवळ बसून, थोडे वाचून, जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

या दुखण्याला इंग्रजीत फ्लो ॲक्सिलरेटेड करोजन असे लांबलचक नाव आहे. आपण त्याला प्रवाहाने वाढणारी झीज म्हणू. साध्या पोलादाचा पाईप, ज्याला कारखान्यात एम.एस. किंवा कार्बन स्टील म्हणतात, तो गरम आणि स्वच्छ पाणी वाहत असताना आतून पातळ होत जातो. लाल गंज धरत नाही, पोपडे निघत नाहीत, आधी थेंब थेंब गळून इशाराही बहुतेक देत नाही. जाडी कमी कमी होत एका दिवशी दाब सहन होईनासा होतो आणि पाईप एकदम फाटतो.

बॉयलरचे पाणी येते कोठून?

ही गोष्ट बऱ्याच सभासदांना माहीत नसते. आपल्या उसात शंभर किलोला सत्तर किलोच्या आसपास पाणी असते. म्हणजे शेतातून आपण कारखान्याला साखरेपेक्षा पाणीच कितीतरी जास्त आणून घालतो. रस इव्हॅपोरेटरमध्ये आटवला की हे पाणी वाफ होऊन निघते आणि पुढच्या बॉडीला उष्णता देऊन पुन्हा पाणी होते. यालाच कन्डेन्सेट म्हणतात. टर्बाइनमधून काम करून आलेली एक्झॉस्ट वाफही पहिल्या बॉडीत थंडावून पाणी होते. हे एक्झॉस्टचे पाणी सर्वांत चांगले. ते गोळा करून परत बॉयलरला देतात. कमी पडले तर जुन्या, कमी दाबाच्या बॉयलरना उसाच्या रसाचे कन्डेन्सेट चालवतात. वीजनिर्मितीच्या जास्त दाबाच्या बॉयलरला मात्र शुद्धीकरण यंत्रणेतून काढलेले पाणी लागते.

पाणी बॉयलरच्या पोटात जाण्याआधी डीएरेटर नावाच्या टाकीत जाते. तेथे ते वाफेने १०५ ते ११५ अंशांच्या आसपास तापवून त्यातील हवा, मुख्यतः प्राणवायू, बाहेर काढतात. तेथून फीड पंप ते प्रचंड दाबाने उचलतो आणि बेंड, व्हॉल्व्ह, इकॉनॉमायझर असे करत ते बॉयलरच्या ड्रममध्ये पोचते. आपला विषय डीएरेटर ते इकॉनॉमायझर एवढ्या पट्ट्याचा, आणि थोडासा कन्डेन्सेट व ओल्या वाफेच्या लाइनचा.

साखर ढवळल्याशिवाय विरघळत नाही

लोखंड आणि प्राणवायू व ओल एकत्र आले की लाल गंज चढतो, हे विळ्या-कोयत्यावरून आपल्याला ठाऊक आहे. ऑफ सीझनमध्ये पाईप रिकामे ओलसर राहिले तर त्यांना तसाच गंज धरतो. ते दुखणे निराळे आणि त्याचे उपायही निराळे.

गरम व प्राणवायू काढलेल्या पाण्यात काय होते? पोलादाच्या आतल्या अंगाला एक काळा थर बसतो. हाही लोखंडाचाच ऑक्साईड, नाव मॅग्नेटाईट. केसापेक्षाही पातळ असा हा थर म्हणजे पाईपचे कातडे. ते आहे तोवर खालच्या पोलादाला पाणी सहजासहजी भिडत नाही. पण या काळ्या थराचा एक दोष आहे. तो पाण्यात अगदी किंचित, पण विरघळतो. पाणी जागच्या जागी उभे असेल तर थराला लागून असलेले पाणी लोहाने तृप्त होते आणि विरघळणे थांबते. पाणी वेगाने वाहत असेल, घुसळत असेल, तर तृप्त झालेले पाणी पुढे जाते आणि त्याच्या जागी कोरे, भुकेले पाणी येते. थर विरघळतो, खालचे पोलाद नवा थर तयार करते, तोही विरघळतो. कातडे भरून काढण्यापायी मांस खर्च होत राहते.

चहात साखर टाकून पेला तसाच ठेवा. तळाशी साखर बराच वेळ राहते. चमचा फिरवला की लगेच विरघळते. चमच्याने साखर खरवडली नाही, फक्त तृप्त पाणी हलवले. आमच्या खात्यातला दाखला द्यायचा तर क्षारपड जमीन घ्या. पाणी तुंबलेल्या रानात क्षार विरघळतात, पण तेथेच राहतात. निचऱ्याचे पाईप टाकून पाण्याला वाट करून दिली की तेच क्षार पाण्याबरोबर निघून जातात. जमिनीला जे वरदान, ते पाईपला मरण, एवढाच फरक.

ही झीज म्हणजे वाळूने घासल्यासारखी झीज नव्हे. पाटाचे पाणी वळणावर बांध खाते ते माती ढकलून खाते. येथे पाण्यात वाळू नाही, कचरा नाही. पाणी आरशासारखे असते आणि तरीही ते पाईप खाते, किंबहुना आरशासारखे असते म्हणूनच खाते. पुष्कळ वर्षे हीच गोष्ट चांगल्या चांगल्या इंजिनिअरांच्याही लक्षात आली नव्हती. ओल्या वाफेच्या लाइन झिजतात हे त्यांना माहीत होते. नुसत्या स्वच्छ पाण्याची लाइन एवढी झिजेल असे फारसे कोणी धरून चालत नसे.

झीज सगळीकडे सारखी होत नाही, हाच यातला खरा घोटाळा. सरळ पाईप वीस वर्षे जसाच्या तसा राहील आणि त्याला जोडलेला बेंड निम्मा होईल. जेथे पाणी वळते, फुटते, अडते, घुसळते तेथे झीज जास्त. म्हणजे बेंड, टी, रिड्युसर, कंट्रोल व्हॉल्व्हच्या पुढचा तुकडा, आणि पाणी मोजण्यासाठी लाइनमध्ये बसवलेल्या भोकाच्या चकतीच्या, म्हणजे ऑरिफिसच्या, लगेच पुढची जागा. त्यातही बेंडच्या एकाच अंगाला झीज आणि दुसरे अंग शाबूत असे होते. दोन अडथळे एकापुढे एक आले, म्हणजे टीला लागूनच बेंड, तर आणखी वाईट.

उष्णतेचेही असेच आहे. साधारण ९० अंशांच्या खाली ही झीज नगण्य. १३० ते १५० अंशांच्या सुमारास सर्वांत जोरात. त्याच्या पुढे पुन्हा उतरते. म्हणून गंमत अशी की, अडीचशे अंशांच्या वर तापलेल्या ड्रमपेक्षा त्याच्या अलीकडची, तुलनेने थंड असलेली फीड लाइनच या दुखण्याला जास्त बळी पडते. आपले सगळ्यांचे लक्ष आगीकडे असते आणि धोका दुसरीकडे असतो.

सामू आणि प्राणवायू

माती परीक्षणाच्या अहवालात आपण सामू बघतो तसाच केमिस्ट फीड पाण्याचा सामू बघतो. सामू जितका ७ च्या जवळ, तितका काळा थर लवकर विरघळतो. तो ९ च्या वर नेला की विरघळणे झपाट्याने कमी होते. यासाठी पाण्यात औषध सोडावे लागते. लाइन लांब असेल तर औषध कोठे सोडले यालाही महत्त्व आहे. ड्रममध्ये सोडलेले औषध अलीकडच्या फीड लाइनला काय उपयोगाचे? वरच्या वाफ्यात खत टाकून खालच्या वाफ्याला मिळेल, पण खालच्यात टाकून वरच्याला कसे मिळणार?

प्राणवायूच्या बाबतीत थोडे उलटे गणित आहे. प्राणवायू राहिला तर बॉयलरच्या नळ्यांना खड्डे पडतात, म्हणून तो काढायचा. डीएरेटर झाल्यावर जो अंश राहतो तो मारायला सोडियम सल्फाइट, हायड्रॅझिन यांसारखी रसायने वापरली जातात. परंतु अत्यंत शुद्ध पाणी असलेल्या मोठ्या वीज केंद्रांत असे दिसून आले की, प्राणवायूचा शेवटचा कणही मारण्याच्या हट्टापायी रसायन भारंभार सोडले तर काळा थर अधिक कच्चा राहतो आणि झीज वाढते. याचा अर्थ साखर कारखान्याने डीएरेटर ढिला सोडावा असा मुळीच नव्हे. आपल्याकडे प्राणवायूचे खड्डे हे नेहमीचे व मोठे दुखणे आहे. अर्थ एवढाच की औषधाची मात्रा मोजून द्यावी. युरिया जास्त झाला म्हणून उतारा वाढत नाही, हे मी आपल्याला दरवर्षी सांगतोच.

आणखी एक शत्रू खास आपल्या धंद्यातला आहे, तो म्हणजे साखर. इव्हॅपोरेटरमध्ये रसाची पातळी फार चढली, उकळी अनावर झाली किंवा नळी फुटली की रसाचे तुषार कन्डेन्सेटमध्ये येतात. उष्णतेने त्या साखरेचे आम्ल होते आणि पाण्याचा सामू कोसळतो. याचा मुख्य मार बॉयलरला बसतो, पण वाटेतल्या पोलादालाही सामू उतरलेले पाणी चांगले नसते. म्हणून लॅबमधला मुलगा रात्री-अपरात्री कन्डेन्सेटचे नमुने घेत फिरताना दिसतो. परीक्षा नळीत थोडे पाणी, त्यात अल्फा नॅप्थॉलचे थेंब आणि कडेने अलगद सोडलेले तीव्र सल्फ्युरिक आम्ल. जांभळी कडी दिसली की साखर आली. मग ते पाणी बॉयलरला न देता बाजूला काढायचे. हा नमुना चुकवणारा माणूस कोण हे कारखान्यात कोणी विचारत नाही. मला वाटते विचारावे.

झिजलेले लोखंड जाते कोठे, हेही सांगायला हवे. ते हवेत जात नाही. पाण्याबरोबर बॉयलरमध्ये जाते आणि सर्वांत तापलेल्या नळ्यांच्या आतल्या अंगाला लेप होऊन बसते. लेपामुळे नळी आतून गार राहत नाही, तापून फुगते आणि फुटते. म्हणजे दुखणे फीड लाइनला आणि ऑपरेशन बॉयलरच्या नळीचे, असाही प्रकार होतो. फीड पाण्यातले लोह नियमित तपासले तर लाइन न उघडताही कोठेतरी झीज चालू आहे याचा सुगावा लागतो.

जपानमधील मिहामाची गोष्ट

"इतके दिवस काही झाले नाही, मग आताच काय होणार?" असे म्हणणाऱ्यांसाठी ही हकीकत सविस्तर देतो.

जपानच्या फुकुई प्रांतात मिहामा येथे अणुवीज केंद्र आहे. ९ ऑगस्ट २००४ रोजी त्याच्या ३ नंबरच्या संचात टर्बाइनच्या इमारतीतला पाण्याचा पाईप फाटला. अणुभट्टीचा येथे संबंध नव्हता. पाणी किरणोत्सर्गी नव्हते. आपल्या फीड लाइनमध्ये असते तसलेच गरम, स्वच्छ पाणी होते, सुमारे १४० अंशांचे, आणि दाब आपल्या जुन्यात जुन्या बॉयलरपेक्षाही कमी, वातावरणाच्या साधारण ९-१० पट. पाईप ५६० मिलिमीटर व्यासाचा, साध्या कार्बन स्टीलचा. त्यात पाणी मोजण्याचा ऑरिफिस होता आणि पाईप फाटला तो ऑरिफिसच्या लगेच पुढे.

नवीन असताना त्या पाईपची जाडी १० मिलिमीटर होती. नियमाप्रमाणे ती ४.७ च्या खाली जाऊ द्यायची नव्हती. फाटलेल्या जागेजवळ ती मोजली तर १.४ मिलिमीटर भरली. संच १९७६ पासून चालू होता. २८ वर्षांत साडेआठ मिलिमीटर पोलाद पाण्याबरोबर गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ०.३ मिलिमीटर. हे अंतर आपल्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढे, फार तर थोडे अधिक. वर्षाला एक पोस्टकार्ड, आणि ते कोणाला दिसणार?

त्या दिवशी पुढच्या तपासणीची तयारी करण्यासाठी ठेकेदाराची माणसे इमारतीत कामाला होती. त्यांतील ११ जण पाण्या-वाफेच्या तडाख्यात सापडले. चौघे तेथेच गेले, पाचवा नंतर दगावला, सहा जण भाजले. १४० अंशांचे पाणी दाबातून मोकळे झाले की शंभर किलोतल्या सातेक किलोची तत्क्षणी वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे पट जागा मागते. माणसाला पळायला अवधीच मिळत नाही.

खरी शिकण्याची गोष्ट पुढे आहे. त्या केंद्रात जाडी तपासण्याची पद्धत होती. यंत्रे होती, माणसे होती, याद्या होत्या. अशा जागा झिजतात हेही माहीत होते. पण हा एक तुकडा तपासणीच्या यादीत लिहायचा राहून गेला होता. एकदा राहिला तो वर्षानुवर्षे राहिला, कारण दरवर्षी नवी यादी जुन्या यादीवरून उतरवली जाते. २००३ मध्ये तपासणी करणाऱ्या कंपनीच्या हे लक्षात आले आणि तो तुकडा पुढच्या बंद काळात तपासायचा असे ठरले. तो बंद काळ १४ ऑगस्ट २००४ रोजी सुरू व्हायचा होता. पाईपने पाच दिवस आधीच निकाल दिला.

त्याआधी अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील सरी येथे ९ डिसेंबर १९८६ रोजी असाच अपघात झाला होता. तेथे फीड पंपाकडे पाणी नेणारा १८ इंची बेंड फाटला. मूळ जाडी अर्धा इंच, आणि काही ठिकाणी ती इंचाच्या सोळाव्या भागावर आलेली. आठ जण भाजले, त्यातले चार वारले. हा बेंड मोठ्या पाईपमधून निघालेल्या टीला लागूनच होता. अणुकेंद्र म्हणून आपण सोडून देऊ नये. १९९५ मध्ये अमेरिकेतच विस्कॉन्सिन राज्यातील प्लेझंट प्रेअरी या कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात फीड लाइन फुटून दोघे मरण पावले. पाण्याला खाली कोळसा जळतो, अणू की बगॅस, याचे सोयरसुतक नाही.

आपल्याकडे कसे?

उगाच घाबरवण्याचा हेतू नाही. वीज केंद्र बारा महिने चालते, आपला हंगाम शंभर ते दीडशे दिवसांचा. झीज चालू दिवसांच्या हिशेबाने होते, त्यामुळे साध्या साखर कारखान्यात ती तितकी संथ. परंतु दोन गोष्टी बदलल्या आहेत. पूर्वी २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर होते, आता सहवीजनिर्मितीमुळे कित्येक कारखान्यांत ६७, ८७, ११० किलोचे बॉयलर आले आहेत. दाब वाढला की त्याच पातळ झालेल्या जाडीवर ताण त्याच पटीत वाढतो. शिवाय मोठ्या बॉयलरना फीड पाणी हीटर लावून दीडशे अंशांच्या आसपास नेतात, म्हणजे नेमके त्या वाईट पट्ट्यात. आणि असे संच काही ठिकाणी हंगाम संपल्यावरही साठवलेल्या बगॅसवर चालतात.

बॉयलर निरीक्षक येऊन दाबचाचणी घेतातच की, असे कोणी म्हणेल. ती कायद्याने आवश्यक आहे आणि चांगलीही आहे. पण दाबचाचणी काय सांगते? आज पाईप टिकला एवढेच. किती जाडी उरली आणि आणखी किती हंगाम निघतील ते ती सांगत नाही. बैलाने आज गाडी ओढली म्हणजे त्याचे दात मोजायचे नाहीत असे थोडेच आहे?

जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक गेज असते. पाईपच्या बाहेरून त्याची बोंडी टेकवली की आवाजाच्या लहरी पोलादातून जाऊन आतल्या अंगावरून परत येतात आणि लागलेल्या वेळावरून जाडीचा आकडा दिसतो. पाईप कापावा लागत नाही. अडचण निराळीच आहे. ही लाइन लॅगिंगने गुंडाळलेली असते, वर पत्रा असतो. गेज दोन मिनिटांचे काम करते, लॅगिंग सोडून पुन्हा बांधायला दोन माणसे अर्धा दिवस लागतात. म्हणून सोयीच्या, हाताशी येणाऱ्या जागा मोजायच्या आणि शिडी लावून पोचावे लागणारे बेंड सोडून द्यायचे, हा मोह होतो. बेंडवर एकाच ठिकाणी बोंडी टेकवून भागत नाही. चौकटी आखून सर्व अंगांनी मोजावे लागते, आणि पुढच्या वर्षी त्याच चौकटींत पुन्हा.

समजा, एका बेंडची जाडी दोन हंगामांपूर्वी ८.४ मिलिमीटर होती आणि यंदा ७.६ भरली. हंगामाला ०.४ गेले. त्या दाबाला कमीत कमी ६.५ पाहिजेच असे गणित असेल, तर हाताशी १.१ उरले. दोन हंगाम निघतील, तिसरा निघणार नाही. तेव्हा तो बेंड बाहेरून कितीही देखणा असला तरी दुसरा हंगाम संपताच बदललाच पाहिजे. हे उदाहरण समजण्यापुरते आहे. आपल्या प्रत्येक जागेचे आकडे वेगळे.

बदलताना पुन्हा साधाच पोलादी बेंड, थोडा जाड बघून, बसवता येतो. त्याने काही वर्षे विकत घेता येतात, दुखणे जात नाही. क्रोमियम मिसळलेल्या पोलादाचा बेंड महाग असतो, पण सव्वा टक्का क्रोमियमदेखील ही झीज जवळपास थांबवते. अगदी एक दशांश टक्क्यानेसुद्धा फरक पडतो. त्यामुळे कधीकधी एकाच गाडीतून आलेले दोन साधे बेंड शेजारी शेजारी बसवले तर एक झिजतो आणि दुसरा टिकतो, कारण दुसऱ्याच्या पोलादात नकळत क्रोमियमचा अंश आलेला असतो. एकाच बेण्यातल्या दोन सऱ्या वेगळ्या निघाव्यात तसे. मात्र क्रोमियमच्या पोलादाला वेल्डिंग आधी तापवून, जाणत्या परवानाधारक वेल्डरकडूनच करावे लागते. माझे मत विचाराल तर संपूर्ण लाइन महागड्या पोलादाची करणे ही चैन झाली. मोजणीत जे बेंड व व्हॉल्व्हपुढचे तुकडे झिजताना सापडतील तेवढेच तसे करावेत.

आता पैशाची दुसरी बाजू. दिवसाला ५००० टन गाळपाचा कारखाना बंद पडला तर तासाला दोनशे टनांवर ऊस यार्डात उभा राहतो. फीड लाइन गेली की बॉयलर थांबवावा लागतो. आधी तो थंड व्हायचा, मग दुरुस्ती, मग पुन्हा दाब चढवायचा. शिवारात तोडून पडलेला ऊस तर परत उभा राहत नाही. तो रोज वजनात उतरतो, त्यातली साखर मोडते. वजन तुमचे जाते, उतारा सर्वांचा जातो. टोळ्या बसून राहतात, मुकादम उचलीचा हिशेब काढतो आणि चिटबॉयला शिव्या खाव्या लागतात. आणि हे सगळे फीड पंपाच्या मजल्यावर त्या वेळी कोणी माणूस उभा नव्हता असे धरून. तेथे पाळीला असणारी पोरे आपल्याच गावांतली आहेत.

तेव्हा सभेत बेंड का बदलला हे जरूर विचारावे, आणि त्याच दमात बदलायच्या आधी किती भरला होता तेही विचारावे. शिवाय यंदा किती जागा मोजल्या, यादीत किती आहेत, आणि यादी लाइनवरून हिंडून केली की गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरवली, हेही विचारावे. आकडे नसतील तर खर्चावर बोट ठेवायचा सभासदांना पुरा हक्क आहे.

गेल्या ऑफ सीझनला काढलेल्या बेंडांपैकी एक इंजिनिअरिंग खात्याने उभा चिरून वर्कशॉपमध्ये ठेवला आहे. बाहेरच्या अंगाचा रंग तसाच आहे. आतल्या अंगाला, वळणाच्या पाठीवर, घोड्याच्या नालासारख्या उथळ खुणा एकीत एक गुंतलेल्या दिसतात. तेथे लाल गंज नाही, काळी तुकतुकीत झाक आहे. कडेवर जाडी पाहिली की एका बाजूला बोटाएवढे पोलाद आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मेही नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी शेअर्सच्या किंवा ऊस नोंदीच्या कामाला कारखान्यावर आल्यावर दुपारच्या पाळीत वर्कशॉपमध्ये जावे. फोरमन दाखवतील. जाडीच्या नोंदीची वही इंजिनिअरिंग ऑफिसात आहे, तीही मागावी.